सांधेदुखीत काय खावं? आधी दुखणं कोणतं ते ठरवा

बांगडा हा आमवाताच्या माणसासाठी ताटातला फार उपयोगी मासा आहे, आणि गाऊटच्या माणसाने हात आखडता घ्यावा तोही बांगडाच. डाळीचं नेमकं उलटं होतं. गाऊट निघाला की घरोघरी तुरीची डाळ बंद होते, आणि ती बंद करायचं खरं तर काही कारण नसतं. त्यामुळे 'संधिवातात हे खा, हे टाळा' अशी एकच यादी कुणी फॉरवर्ड केली, तर ती कोणत्या संधिवातासाठी आहे एवढा एकच प्रश्न विचारा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा यादीत नसतं.

आपल्याकडे नेहमी दिसणारी दुखणी तीन. पन्नाशीनंतर गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त, सकाळी उठल्यावर पाचदहा मिनिटं आखडल्यासारखं वाटतं आणि मग सैल होतं, ही बहुधा झीज. दोन्ही हातांच्या बोटांचे छोटे सांधे, मनगटं सुजतात, सकाळचा आखडलेपणा तासभर जात नाही आणि अंगात कणकण असते, हा आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. रात्री झोपेतून जाग यावी इतका पायाचा अंगठा ठणकतो, लाल होतो, चादरीचा स्पर्शही नको वाटतो, हा गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक अॅसिड वाढून सांध्यात साचल्याचं दुखणं. यातलं काय आहे ते डॉक्टर तपासून, लागेल तसा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून ठरवतात. एक लक्षात ठेवा: गाऊटचा झटका चालू असताना युरिक अॅसिड कधी कधी नॉर्मल येतं. तेव्हा त्या एका आकड्यावर गाऊट नाही असं धरू नये, झटका ओसरल्यावर पुन्हा तपासावं. आणि एकच सांधा अचानक गरम होऊन सुजला, सोबत ताप असेल, तर पथ्याचा विचार नंतर. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

गुडघ्यांची झीज: इथे वजनाइतकं काहीच महत्त्वाचं नाही

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, खाण्याने परत येत नाही. डिंकाने नाही, तुपाने नाही, पायासूपनेही नाही. तूप खाल्ल्याने सांध्याला वंगण मिळतं ही समजूत घट्ट आहे, पण खाल्लेलं तूप पचतं आणि उरलं तर चरबी म्हणून साठतं. ते गुडघ्यात जात नाही. आहार इथे दोनच कामं करतो: वजन उतरवतो आणि मांडीचे स्नायू टिकवतो. पण ती दोन कामं मोठी आहेत. शरीराचं वजन एक किलोने घटलं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस किलो, आणि तेही दिवसभरातल्या हजारो पावलांना. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीड वर्षाच्या एका चाचणीत, ज्यांनी आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळून वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उतरवले, त्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. म्हणजे ७५ किलोच्या माणसाने साडेसात किलो. महिन्याला दीडदोन किलो या वेगाने हे चारपाच महिन्यांचं काम आहे. पाच टक्क्यांवरही फरक जाणवू लागतो.

कुठून कमी करायचं? जेवणाला हात लावण्याआधी चहा मोजा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. महिन्याचा हिशेब केला तर साधारण साडेचार-पाच हजार कॅलरी होतात. शरीराची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. गूळ घालून चहा केला तर हिशेब जवळपास तोच राहतो, फक्त मन शांत होतं. साखर एकदम बंद केली तर आठवड्यात जुनं प्रमाण परत येतं, हे नेहमीचं. दर आठवड्याला प्रत्येक कपातली अर्धा चमचा कमी करा, जीभ महिन्याभरात रुळते.

मग तेल. कढईत किती पडलं हे कुणी मोजत नाही, त्यामुळे महिन्याला घरात किती आलं ते मोजायचं. माणशी अर्धा लिटर, फार तर सहाशे मिलिलिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन ते अडीच लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर निम्मं तेल जास्तीचं आहे. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी. फोडणी पळीने नको, चमच्याने मोजून घाला. वांग्याच्या किंवा भेंडीच्या भाजीला झाकण ठेवून त्यावर पाणी ठेवलं की भाजी वाफेवर शिजते, तेल जास्त लागत नाही.

हिवाळ्यातल्या मेथीच्या आणि डिंकाच्या लाडवांबद्दल: चाळीस ग्रॅमच्या एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. खायचा तर नाश्त्याऐवजी खावा. गुडघ्यांसाठी म्हणून नाश्त्यावर रोज एक लाडू खाल्ला, तर संक्रांतीपर्यंत गुडघ्यांवरचं ओझं वाढलेलं असतं.

आता प्रथिनं. वजन घटवताना नेमकं इथे चुकतं. पोळ्या चाराच्या दोन केल्या, रात्री नुसती पेज घेतली, काटा खाली गेला, पण चरबीबरोबर मांडीचे स्नायूही गेले. आणि गुडघा सांभाळतात ते मांडीचेच स्नायू. पन्नाशी-साठीनंतर शरीराच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं हवीत. साठ किलोच्या बाईला साठ-पासष्ट ग्रॅम. आपल्या घरातल्या शाकाहारी बायकांचा नेहमीचा दिवस मोजून पाहा: वाटीभर पोहे साडेतीन ग्रॅम, दोन फुलके सहा, पातळ आमटी चार, भाजी आणि थोडा भात मिळून चार, चहातलं दूध आणि बिस्किट सहा-सात, रात्रीची मऊ खिचडी आठ. बेरीज जेमतेम ३२. निम्मीच.

हाच दिवस फार उलथापालथ न करता सुधारतो. सकाळी पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मूग भिजवून वाटून त्याची धिरडी: १२ ग्रॅम. दुपारी आमटी पातळ न करता माणशी ३० ग्रॅम डाळीची घट्ट: ७ ग्रॅम, सोबत दीडशे ग्रॅम दही: ५. फुलके, भाजी, भात तसेच: १०. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर, ३० ग्रॅम फुटाणे: ६. दात साथ देत नसतील तर फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून. रात्री ज्वारीची एक भाकरी सहा, आणि दोन अंडी बारा; अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, त्यात पंधरा. चहातलं दूध चार. बेरीज साठाच्या वर जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं, हा हिशेब तिथे लागू नाही.

आमवात: औषध चालू ठेवून, त्याच्या जोडीला

आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत हाडांचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही, म्हणून 'आधी सहा महिने पथ्य करून बघू' हा इथला सगळ्यात महागडा निर्णय. आहाराने सूज आणि सकाळचा आखडलेपणा थोडा कमी होतो, गोळी बंद होत नाही.

ज्याला बऱ्यापैकी पुरावा आहे ती गोष्ट म्हणजे माशांतलं ओमेगा-३. बांगडा, तारली, पेडवे यांसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनतीनदा, दर खेपेस शंभर ग्रॅम. पापलेट चवीला कितीही सरस असलं, तरी या कामासाठी त्यावर बांगड्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे टाकायची गरज नाही. रवा लावून भरपूर तेलात तळू नका. तिरफळ घालून तिखलं करा किंवा हळदीच्या पानात गुंडाळून वाफवा. खारवलेल्या सुक्या माशात मीठ फार, आणि आमवाताच्या बऱ्याच जणांना स्टेरॉइड चालू असतं, त्यात मिठाने सूज आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांचा घोटाळा होतो तो आकड्यात. आमवाताच्या चाचण्यांमध्ये ईपीए आणि डीएचए (माशांतल्या ओमेगा-३ ची दोन रूपं) मिळून रोज पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दिलं गेलं. दुकानातल्या साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये हे दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम असतात. बाकीचं नुसतं तेल. म्हणजे एक कॅप्सूल घेऊन फरक पडला नाही यात नवल नाही. डबीच्या मागे ईपीए आणि डीएचए किती ते वाचा. फरक दिसायला तीन महिने लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा.

शाकाहारी घरात जवस. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं आहे, शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्यासारख्या रूपात बदलू शकतं. तेव्हा जवसाने मासा भरून निघतो असं म्हणता येणार नाही, पण तंतू, खनिजं आणि चांगलं तेल म्हणून ते ताटात असायला हवं. अख्खं जवस गिळलं तर तसंच बाहेर पडतं. चटणी उत्तम. शंभर ग्रॅम जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाचसहा मिनिटं भाजा. तडतडायला लागलं आणि खमंग वास आला की लगेच परातीत काढा, कढईत राहिलं तर खालचं करपतं आणि अख्खी चटणी कडू होते. त्याच कढईत चमचाभर जिरं आणि सातआठ सुक्या मिरच्या भाजून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दहाबारा लसूण पाकळ्या आणि चमचाभर मीठ घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. गरम असताना किंवा सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. बरणी फ्रिजमध्ये, आणि दोनतीन आठवड्यांत संपेल एवढीच करा. हे तेल हवेने लवकर खवटतं. अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. रंगासारखा वास आला की टाकून द्या. रोज एक मोठा चमचा पुरे, वर पाणी भरपूर, आणि गोळ्यांच्या वेळेला नको, तासा-दोन तासांचं अंतर ठेवा.

हळद? स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे जिचा औषधी गुण सांगतात ते तिचं पिवळं द्रव्य, साधारण तीन टक्के. लहान चमचाभर, तीन ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम. सांधेदुखीवरच्या चाचण्यांमध्ये दिवसाला पाचशे ते दीड हजार मिलिग्रॅम कर्क्युमिन वापरलेलं असतं. म्हणजे हळदीच्या दुधाने तो परिणाम व्हायला दिवसाला पाच चमच्यांहून अधिक हळद प्यावी लागेल. आमटी-भाजीत पडते तेवढी पडू द्या, मिरी आणि तेलासोबत ती जास्त शोषली जाते, पण औषध म्हणून तिच्याकडे पाहू नका. जास्त शक्तीच्या कर्क्युमिन गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, म्हणून आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी घेणाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत.

मेथोट्रेक्सेट ही गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. डॉक्टरांनी लिहिलेली फॉलिक अॅसिडची गोळी चुकवायची नाही, आणि दारूपासून लांब राहायचं. मेथोट्रेक्सेट आणि दारू, दोघांचाही ताण यकृतावरच. साध्या दुखण्याच्या गोळ्या तर काळ्या चहावर, उपाशीपोटी कधीच नकोत. आधी दोन घास पोटात.

गाऊट: रस्सा, बिअर आणि थंड पेय

रक्तातलं युरिक अॅसिड दर शंभर मिलिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहत नाही, सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात. उपचाराचं लक्ष्य म्हणून ते ६ च्या खाली. कडक पथ्याने हा आकडा साधारण एकाने उतरतो. तुमचा आकडा ९ असेल तर पथ्याने तो ८ होईल, म्हणजे गोळी लागणारच. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर माणूस वर्षभर डाळ सोडतो आणि झटके चालूच राहतात.

काय आवरायचं ते क्रमाने. बिअर सगळ्यात वर, कारण तिच्यात अल्कोहोलही आहे आणि यीस्टमधले प्युरिनही (शरीरात मोडून यांचंच युरिक अॅसिड बनतं). फेणी किंवा व्हिस्कीत प्युरिन नाहीत म्हणून त्या चालतात असं नाही, अल्कोहोलमुळे मूत्रपिंडातून युरिक अॅसिड बाहेर पडणं मंदावतं. मग कलेजी, गुर्दा, भेजा, पाया. मग मांदेली, तारली, बांगडा, तिसऱ्या. मटण-चिकन बंद करायची गरज नाही, पण शंभर ग्रॅम, आठवड्यातून दोनदा.

कोल्हापूरकडच्या मंडळींसाठी एक वाईट बातमी. मटण शिजताना त्यातले प्युरिन पाण्यात उतरतात. अळणी आणि त्यावर केलेला पांढरा रस्सा म्हणजे तेच पाणी. चार फोडी खाऊन पाच वाट्या रस्सा ओरपणारा माणूस 'मी मटण कमीच खाल्लं' म्हणतो, आणि पहाटे अंगठा ठणकतो. फोडी खा, रस्सा अर्ध्या वाटीवर थांबवा.

साखरेकडे कुणाचं लक्ष नसतं. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि यकृतात फ्रुक्टोज मोडताना युरिक अॅसिड तयार होतं. शीतपेयं, डब्यातले फळांचे रस, उसाचा रस, मध यांना इथे आवर हवा. अख्खं फळ चालतं. डाळी, कडधान्यं, पालक, फुलकोबी, मशरूम यांत प्युरिन असले तरी त्यांनी गाऊट वाढल्याचं मोठ्या पाहण्यांमध्ये दिसलेलं नाही. दूध, दही, ताक आणि कॉफी तर थोडं उपकारकच. लिंबूपाणी साखर न घालता खुशाल प्या. आंबट चवीचा आणि युरिक अॅसिडचा संबंध नाही.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. निर्जळी एकादशी गाऊटवाल्याने करू नये: पाणी तुटतं, उपाशी शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्या दोन्हींनी युरिक अॅसिड चढतं. झटपट वजन उतरवणारे उपासही त्यासाठीच वाईट. आणि रक्तदाबासाठी मूत्र वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी कमी डोसची अॅस्पिरिन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. या दोन्हींनी आकडा वाढतो, पण आपणहून बंद करायच्या त्या गोळ्या नव्हेत.

उपवास, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं

गाऊट नसलेल्यांनी उपवास जरूर करावा, फक्त साबुदाणा सोडून. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च. दाणे, बटाटा, तूप धरून एका प्लेट खिचडीत पाचशेच्या आसपास कॅलरी, त्यात प्रथिनं थोडी आणि तीही दाण्यांची. राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही केव्हाही सरस.

कॅल्शियमने झीज किंवा आमवात बरा होत नाही. हाडं ठिसूळ होणं हा वेगळा आजार. पण स्टेरॉइड घेणाऱ्यांना आणि पाळी गेलेल्या बायकांना तो सोबतीला येतो, म्हणून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम हवं. ६० ग्रॅम नाचणीच्या भाकरीत दोनशे, पेलाभर दुधात दोनशे चाळीस, दीडशे ग्रॅम दह्यात पावणेदोनशे. भाकरीच्या पिठात मूठभर शेवग्याचा पाला चिरून घातला तर आणखी साठसत्तर. ड जीवनसत्त्व अन्नातून पुरेसं मिळतच नाही, तपासून घ्या. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याची असते, ती सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच, दुधासोबत किंवा जेवणानंतर. वर्षानुवर्षं चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम साचतं. तळपायांची आग आणि मुंग्या असतील तर शाकाहारी माणसाने बी-१२ पाहावं, ते दुखणं सांध्याचं नसतंच.

वांगं, बटाटा, टोमॅटो, दही

यांनी सांधे धरतात याला पक्का आधार नाही. पण एखाद्याला एखादा पदार्थ खरंच सोसत नसेल, तर ते शोधायची रीत आहे. एका वेळी एकच पदार्थ तीन आठवडे पूर्ण बंद. वहीत रोज दोन आकडे: सकाळी सांधे सैल व्हायला किती मिनिटं लागली, आणि दुखणं दहापैकी किती. मग तोच पदार्थ सलग तीन दिवस नेहमीच्या प्रमाणात खा. आकडे चढले तर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. दोन्ही वेळा चढले तरच सोडा. पाच पदार्थ एकदम बंद केले तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळत नाही, आणि ताटात उरतं काय तर भात आणि दुधी. या काळात औषधांचा डोस बदलला असेल तर ती चाचणी बाद धरा.

गुळवेल आणि पुड्या

कोविडच्या काळात काढा म्हणून गुळवेल घरोघरी गेली. ती प्रतिकारशक्ती चेतवते असं म्हणतात, आणि आमवातात तर तीच आधी आवरायची असते. ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तरी आमवाताच्या रुग्णाने तिच्या वाटेला न जाणं शहाणपणाचं.

बाजारातल्या, नावगाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, भूक वाढली, चेहरा गोल दिसायला लागला, साखर चढली, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर ती एकाएकी बंदही करायची नाही. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडी अचानक तुटली तर रक्तदाब कोसळून माणूस आडवा होऊ शकतो. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस हळूहळू उतरवण्याचं वेळापत्रक ते लिहून देतील.